कराट्यांची सून

कासारवाडी स्टेशनवर सकाळी कंपनीत जाणाऱ्या आम्हा बायकांत ती असायची. उंच, शांत, वेणी घट्ट घातलेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. अधूनमधून तिचा डोळा सुजलेला असे, नाहीतर ओठ फुटलेला. विचारलं की हसून म्हणायची, "कराटेत लागलं."

ऐंशीच्या सुमारास आमच्यापैकी कुणी हा शब्द ऐकलेला नव्हता. कराटे हे तिच्या सासरचं आडनाव असणार, असं आम्ही धरून चाललो, आणि कराट्यांकडे सुनेला मारतात म्हणून हळहळत राहिलो.

एकदा तिचा नवरा तिची विसरलेली पिशवी घेऊन धावत स्टेशनवर आला. अगदी काडीसारखा माणूस. भाजी विकायला निघालेल्या मावशींनी त्याला तिथंच गाठलं.

"बायकूला मारतोस व्हय रं?"

"मी? हिला?" तो एवढंच म्हणाला.

ती घाईने मध्ये आली. "मावशी, हे नाही मारत. कराटे म्हणजे कुस्तीसारखा खेळ असतो. स्पर्धेत लागलंय मला. राज्यात पहिली आले मी."

"आन् जिनं तुला मारलं ती?"

"ती दुसरी आली."

मावशींनी आधी तिला न्याहाळलं, मग त्याला. "तू जपून ऱ्हा रं बाबा," त्या हळूच म्हणाल्या.

"राहतोय की," तो म्हणाला आणि पिशवी तिच्या खांद्याला अडकवून कौतुकाने तिच्याकडे बघत राहिला.

पुढच्या खेपेला ती सुजलेला गाल घेऊन आली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकदमच विचारलं, "जिंकलीस का?" मार लागलेल्या बाईला असंही काही विचारता येतं, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं.