रिकाम्या खणात शून्य

"वायर काढ."

एवढंच म्हणाले सर.

अमरावतीतल्या आमच्या विभागाचा सेमिनार हॉल. पहिल्या रांगेत पाणीपुरवठ्याचे साहेब, हातात चहाचे कप. मी माझा जुना लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि पडद्यावर काळी खिडकी उघडली. काळ्यावर पांढरी अक्षरं. ना चित्र, ना रंग.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख.

"लिनक्स आहे सर. आपलंच भूजलाचं सॉफ्टवेअर. मी यावर बिल्ड केलंय."

सर साहेबांकडे वळले. हसून म्हणाले, "फुकटातलं आहे साहेब. फुकटात आलेल्यांना फुकटातलंच परवडतं."

हॉल हसला. शिकलेली माणसं हसतात तसा, ओठ मिटून. माझ्याबरोबर पीएचडी करणारा निखिलसुद्धा हसला आणि मग खाली बघायला लागला. मग सर म्हणाले वायर काढ, आणि मी वायर काढली. लॅपटॉप छातीशी धरून मागच्या रांगेत जाऊन बसले.

फुकटात आलेली म्हणजे राखीव जागेवर आलेली. हे त्या हॉलमध्ये कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. माझी माय लोकांच्या वावरात निंदणाला जाते आणि सकाळी पाटलाचं अंगण झाडते. तिची कंबर गेली तेव्हा मी एमएस्सी झाले. आमच्या घरात फुकट काय आलं, ते मला अजून शोधून सापडलेलं नाही.

आता त्या सॉफ्टवेअरचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमचं गाव बाळापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. जमिनीखालचं पाणी खारट. ते वर्षानुवर्षं पिऊन माणसांच्या किडन्या जातात. आमच्या गावाबाहेरच्या वस्तीत कोणाचे पाय सुजले की बायका एकमेकींकडे बघतात. माझ्या काकाला अकोल्याला डायलिसिसच्या मशीनवर घेतात. तो परत येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग राखेचा असतो. धरणाचं गोड पाणी नळाने आणायचं ठरलं होतं, पण ते एकदम सगळीकडे पोचणार नव्हतं. कोणत्या वस्तीला आधी आणि कोणत्या वस्तीला नंतर, हे आमच्या विभागाच्या अहवालावरून ठरणार होतं. जिथलं पाणी खारट तिथे नळ आधी. जिथलं गोड, त्यांनी थांबायचं.

सॉफ्टवेअर परदेशातल्या शास्त्रज्ञांनी लिहून जगासाठी मोकळं ठेवलेलं. नकाशावर खण आखायचे. प्रत्येक खणात तिथल्या विहिरीचा खारटपणा भरायचा. मग ते सांगतं, खारट पाणी पुढे कुठवर सरकेल. त्याची एक तयार प्रत सरांच्या केबिनमधल्या संगणकावर होती. त्या संगणकाला मी हात लावायचा नव्हता. "सेटिंग बिघडतं," सर म्हणायचे. निखिलच्या हाताने बिघडत नव्हतं. निखिल अकोल्याच्या जठारपेठेतला, वडील वकील, आजोबा वकील. मुलगा वाईट नव्हता. त्याला फक्त कुठल्याच दारात कोणी अडवलं नव्हतं.

म्हणून मी मुळापासून सुरुवात केली. सॉफ्टवेअरचा मूळ लिखित कोड, सोर्स कोड, उतरवून घेतला आणि माझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्स या मोफत सिस्टीमसाठी तो बांधायला, म्हणजे बिल्ड करायला घेतला. एका सिस्टीमवर चालणारं दुसरीवर सुखासुखी उभं राहत नाही. बिल्ड दिलं की एरर. ही लायब्ररी, म्हणजे कोडला लागणारा तयार तुकडा, नाही. ती आहे पण जुनी. फाईलच्या नावात एक इंग्रजी अक्षर लहानाचं मोठं झालं तरी माझं लिनक्स अडून बसायचं. केबिनमधली सिस्टीम असलं सगळं चालवून घ्यायची. अडले की मी सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन फोरमवर विचारायची. कोण कुठला माणूस उत्तर द्यायचा. त्याने आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाला, एरर काय आली ती पूर्ण पाठव. माझ्या उभ्या शिक्षणात मला इतकं सरळ कोणी विचारलं नव्हतं.

शेवटी बांधून झालं. तपासणीचे सगळे पर्याय चालू ठेवून मी ते बांधलं होतं. निखिलकडून जिल्ह्याचा डेटा घेतला आणि चालवलं.

थांबलं.

पुन्हा चालवलं. पुन्हा त्याच खणाशी थांबलं. या खणात आकडा नाही, असं सांगायचं आणि गप्प व्हायचं. मला वाटलं, माझंच काही चुकलं. आम्हाला आधी तेच वाटतं, तसं वाटायला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण केबिनमधल्या संगणकावर तोच डेटा शेवटपर्यंत धावत होता. एकाच डेटाला दोन सिस्टीमवर दोन वागणुका. कुठेतरी पाणी मुरत होतं. सेमिनारमध्ये मला हेच दाखवायचं होतं आणि तेवढ्यात सर म्हणाले, वायर काढ.

त्या संध्याकाळी खोलीवर आले. जेवण गेलं नाही. रागाने अंग तापलं होतं. म्हटलं, बघू तरी हा कोणता खण आहे. आडव्या-उभ्या क्रमांकावरून जागा काढली आणि उपग्रहाच्या नकाशावर टाकली. नेट मंद होतं. फोटो तुकड्या-तुकड्याने उघडत गेला. काळी जमीन. एक पायवाट. पत्र्याची छपरं, उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड. मधोमध विहीर. एका छपराचा कोपरा निळ्या ताडपत्रीने झाकलेला. ती ताडपत्री मीच बांधली होती.

मी मायला फोन लावला.

"माय, पान्याची मोजणी करनारे आपल्या विहिरीवर आले होते काय वो?"

"आपल्या विहिरीवर? नाई बाई. गाडी आली होती गावात. पाटलाच्या ओसरीत बसले, चहा पेले, अन् गेले. इकडे कोन येते?"

"तुले कसं मालूम?"

"मी तिथंच आंगन झाडून राहिली होती ना."

त्या गाडीत निखिल होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं.

"गावातल्या सगळ्या विहिरी केल्या ना आमी," तो म्हणाला.

"वस्तीतली?"

"वस्तीत वेगळी विहीर आहे काय?"

त्याला वाटलं मी रागावले. तर समजावत म्हणाला, "सरपंचाचा माणूस नेईन तिकडेच जा लागते बाप्पा. त्या बाजूले त्यानं नेलंच नाही. अन् उन्ह किती होतं!"

वस्तीत वेगळी विहीर आहे काय. या प्रश्नाने आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. ज्या वाडवडिलांनी आमची विहीर वेगळी काढून दिली, त्यांच्या नातवाला ती विहीर आहे हेच ठाऊक नाही. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं. इथे ओसरीतून विहिरी मोजल्या होत्या, आणि सगळ्या जिल्ह्याची मोजणी अशीच होते, कोणी वाईट बुद्धीने करत नाही. ज्या घरी चहा मिळतो त्या घराच्या आसपासचं पाणी बाटलीत भरलं जातं.

मी आमचा खण वगळून प्रोग्राम पुढे नेला. तो पुढच्या खणाशी थांबला. तिथेही गावापासून थोडी लांब पत्र्याची छपरं. तो वगळला, मग आणखी एक. बाळापूर झालं, मग तेल्हारा तालुक्याकडे गेले. प्रत्येक गावात थांबण्याची जागा तीच, गाव संपल्यावर, नाल्याच्या अलीकडे किंवा पलीकडे. नंतर नंतर मला नकाशा उघडायची भीती वाटायला लागली.

आणि केबिनमधली प्रत काय करत होती, तेही कोड वाचून कळलं. तिच्यात तपासणीचे पर्याय बंद होते. रिकामा खण आला की ती मेमरीत जे पडलेलं असेल ते उचलायची. तिथे पडलेलं असायचं शून्य. शून्य म्हणजे मीठ नाही. मीठ नाही म्हणजे पाणी गोड. पाणी गोड म्हणजे नळ नंतर. यात बिचाऱ्या सिस्टीमचा काय दोष? आपण आकडा दिलाच नाही, तर ती तरी काय करणार?

मी सरांना सगळं लिहून दिलं. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "बस." आजवर त्या केबिनमध्ये मला कोणी बस म्हटलं नव्हतं. तेव्हाच मी घाबरले.

"अगं, मॉडेल म्हणजे मॉडेल असतं," सर मऊ आवाजात म्हणाले. "तुझ्या त्या लिनक्सवर या खणांत शून्य टाक. दोन्ही उत्तरं जुळव, मग अहवालात लिहू, दोन सिस्टीमवर तपासलं. तुझं नाव टाकतो."

जुळव. हा शब्द आम्ही अकरावीपासून ऐकतो. प्रॅक्टिकल म्हणजे जुळवणं. आधी उत्तर विचारून घ्यायचं, मग त्याला शोभेल असं रीडिंग लिहायचं. लंबक न हलवता लंबकाचा प्रयोग होतो, परीक्षक सही करतो, सगळे पास होतात. त्यात कोणी मरत नाही. इथे मात्र माझा काका मशीनवर पडलेला होता. आणि खोटं कशाला बोलू, माझं नाव त्या अहवालावर छापलेलं मला क्षणभर दिसलं. माय ते बोटाने चाचपते आहे, असंही दिसलं.

"मी शून्य नाही टाकणार सर."

"मग काय टाकणार?"

"काहीच नाही. तिथे मोजलं नाही, असं लिहा. नाहीतर खारटपणा मोजायचा मीटर द्या, मी मोजून आणते."

"मीटर प्रोजेक्टचा आहे." आवाज तसाच मऊ. "आणि तू प्रोजेक्टवर आहेस ती माझ्या सहीने. तुमच्यातल्या मुली इथवर येत नाहीत. नीट विचार कर."

त्या इमारतीत मी नेहमी जपून बोलायची, पुस्तकातलं बोलायची. वऱ्हाडी बोललं की हसतात. त्या दिवशी जपणं सुटलं. उभी राहिले.

"सर, त्या विहिरीचं पानी मी पेली आहो. मले मालूम आहे ते कसं आहे. तिथं मी शून्य नाई टाकत."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मी बाहेर आले.

प्रोजेक्टवर मला पुन्हा घेतलं नाही. मार्गदर्शक कोणी मिळाला नाही, सगळे सरांचे मित्र. अहवाल मात्र वेळेवर गेला, रिकाम्या खणांत शून्य घेऊन. दोन वेगवेगळ्या सिस्टीमवर तपासलं, हे वाक्यही त्यात होतं.

मी अकोल्याला आले. एका क्लासमध्ये मुलांना संगणक शिकवते. उसना मीटर आणला आणि आमच्या विहिरीत दोर सोडला. पिण्याच्या पाण्याची जी हद्द असते, ती ओलांडून आकडा कितीतरी वर गेला. बायका भोवती उभ्या होत्या. कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. तो आकडा मी कार्यालयात दिला. उत्तर आलं, अहवाल अंतिम झाला आहे.

उन्हाळ्यात नळाच्या पाइपसाठी चर खोदायचं मशीन गावात आलं. शाळेपासून देवळापर्यंत खोदत गेलं, पाटलाच्या घराला वळसा घातला. वस्तीकडे जाणाऱ्या पायवाटेपाशी थोडा वेळ उभं राहिलं आणि परत फिरलं. आमची पोरं त्याच्या मागे धावत गेली होती, तीही परत आली. काकाच्या फेऱ्या वाढल्या आहेत. माय हल्ली संध्याकाळी पाय लांब करून बसते. मी तिच्या घोट्यांकडे बघते. मी काय बघते ते तिला कळतं, आणि ती लुगड्याचा काठ खाली ओढते.

मी त्या सॉफ्टवेअरच्या मूळ कोडमध्ये बदल लिहून पाठवला. खण रिकामा असेल तर प्रोग्रामने थांबायचं, खणाचा पत्ता सांगायचा, पुढे जायचं नाही. कोणत्याही सिस्टीमवर. फोरमवर कोणीतरी सुचवलं, एक पर्याय ठेवा, ज्याला हवं त्याने शून्य धरावं. मी लिहिलं, नाही. बरीच वादावादी झाली. मी मागे हटले नाही. बदल घेतला गेला. आता जगात कोणीही ते नव्याने बांधलं की तो बदल त्यात असणार, सरांच्या केबिनमध्येसुद्धा.

पट्ट्यातल्या बाकीच्या वस्त्यांच्या विहिरींवर मी एकेक करून जाते आहे. एकही सोडणार नाही. तोवर प्रोग्राम थांबेल, अहवाल अडेल, साहेब चिडतील. चिडू देत. ज्याला पुढे जायचं असेल त्याने गाडीतून उतरावं, ऊन लागू द्यावं, आमच्या विहिरीपर्यंत चालत यावं आणि दोर खाली सोडावा. न मोजता आमच्या पाण्याला कोणी गोड म्हणायचं नाही.