माझ्या पायाच्या मापाचं पेडल

आमच्या मिनी ट्रॅक्टरचं क्लचचं पेडल माझ्या पायाच्या मापानं बसवलेलं होतं, आणि ते बसवून दिलं होतं आमच्या ह्यांनीच. मी बुटकी. पाठीशी उशी घेतली तरी पाय पुरता खाली जायचा नाही. तेव्हा हे मातीत उताणे पडले, पेडलखालच्या दांडीचा नट ढिला केला, दांडी फिरवली आणि मला दाबायला लावलं. "बोटभर रिकामं जायला पाह्यजे, मग जड लागलं पाह्यजे. लागायलंय का?" लागत होतं. त्या दिवशी मला नवरा फार आवडला होता, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे पेरणीत बाई मूठ धरते, म्हणजे तिफणीमागे चाड्यात बी सोडत जाते, आणि पुरुष औत हाकतो. ट्रॅक्टर आल्यावर आमचं उलटं झालं. माझी ओळ सरळ जायची, ह्यांची वाकडी. म्हणून मी सीटवर आणि हे मागे जोडलेल्या तिफणीच्या फळीवर, मूठ धरून. सुरुवातीला हे स्वतःच सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. मग शेजारपाजारचे पेरणीला मलाच बोलवायला लागले, आणि हॉटेलवर कुणीतरी ह्यांना विचारलं, "काय मालक, बाई हाकायली अन् तुमी मूठ धरायलाव?" ही गोष्ट ह्यांनी मला हसत हसत सांगितली. मीही हसले. आत काय शिजतंय याचा मला पत्ताच नव्हता.

ज्वारीच्या पेरणीच्या दिवशी हे म्हणाले, "आज माजं अंग दुखायलंय, मूठ वैनी धरतील." माझ्या जाऊबाई मागे बसल्या. हे आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यापाशी, बाजेवर टेकले, सोबत शेजारचे दोघे-तिघे. आज ही मंडळी सकाळीच कशी आली, असं मला वाटून गेलं. गिअर टाकताना करकर झाली. पाय पार ताणला तेव्हा कुठे गिअर पडला. गारठ्यानं असेल म्हटलं आणि निघाले.

ओळ विहिरीच्या धुऱ्याला, म्हणजे तिथल्या बांधाला, संपते. आमच्या विहिरीला कठडा नाही, म्हणून तिथे मी आधीच क्लच दाबून थांबते आणि मग वळते. दाबला. ट्रॅक्टर थांबेना, चालतच राहिला. दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले तेव्हा इंजिन गचका देऊन बंद पडलं. पुढचं चाक विहिरीपासून हातभर लांब होतं. जाऊबाई फळीवरून उडी टाकून लांब पळाल्या.

हे पळत आले. धाप लागलेली, पण वाक्य तयार होतं. "म्हनून म्हनत होतो, बायकाचं काम न्हाई हे!" असं ते आजवर एकदाही म्हणाले नव्हते. शेजारी माना डोलवायला लागले. मी उतरून ट्रॅक्टरखाली वाकले. दांडीच्या गंजलेल्या नटाच्या कडा पान्यानं नुकत्याच खरवडून चकाकत होत्या. पेडल हातानं दाबलं तर तीन-चार बोटं रिकामंच गेलं. आता क्लच सुटायला पेडल पार तळाला न्यावं लागणार; ह्यांचा लांब पाय पुरला असता, माझा पुरणार नव्हता.

लोकांसमोर मी तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर विचारलं. आधी म्हणाले, "मला काय म्हाईत." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं गिअरच पडनार न्हाई. आखाड्यावरच फजिती होईल, मग तूच सीट सोडशील. विहिरीचं ध्यानातच आलं न्हाई."

विहिरीचं मी सोडूनही दिलं असतं. माणसाच्या ध्यानातून सुटतं. पण माझी फजिती बघायला शेजारी बोलावले होते, ते अगदी ध्यानात ठेवून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी पाना घेऊन हे आले, पेडल पुन्हा बसवून द्यायला. मी त्यांच्या हातातून पाना घेतला आणि माझं मीच बसवलं. "तुमी मागं बसा," म्हटलं. हे फळीवर जाऊन बसले. पेरणी झाली, ज्वारी चांगली उगवली, ओळीही सरळ आल्या. पण अजूनही हे ट्रॅक्टरपाशी एकटे दिसले की हातातलं काम टाकून मी तिकडे जाते.