बावीस जणांचे अध्यक्ष

लोकशाहीवर इतकं निस्सीम प्रेम करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही, आणि त्या प्रेमाचा मला इतका त्रासही दुसऱ्या कुणी दिलेला नाही. बसवनगुडीतल्या ज्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते, तिथंच ते इतिहास शिकवतात. आम्ही दोघंही अतिथी व्याख्याते. दहा महिन्यांची नेमणूक संपली की पुढच्या यादीत आपलं नाव असेल का, या घोरात आमची उन्हाळ्याची सुट्टी जाते. अशा बावीस जणांची त्यांनी संघटना काढली आणि पहिल्या दिवसापासून तेच तिचे अध्यक्ष होते. मूळचे निपाणीकडचे, त्यामुळं माझ्याशी मराठीत बोलत, इतरांशी कन्नडात. नियमावर मात्र दोन्ही भाषांत सारखेच अडून बसत. समोरच्या उभ्यानं खायच्या दर्शिनीत दोघांत एक अशी बाय-टू कॉफी घ्यायची तरी सूचक कोण आणि अनुमोदक कोण हे ठरल्याशिवाय कूपन घेत नसत. एकदा मी म्हटलं, आज चहा घेऊ. तर म्हणाले, "मग दुरुस्ती मांडा की मॅडम, आमची ना नाही."

अर्ज कुठंही दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय ते हलत नसत. एकदा सुट्टीमुळं कार्यालय बंद पाहून त्यांनी वॉचमनअण्णाची सही आणली आणि आजवरची सर्वांत सुवाच्य सही म्हणून आम्हाला कौतुकानं दाखवली. उत्तरं फारशी येत नसत. पोचांच्या फायली मात्र ते अशा मायेनं चाळत, की अर्ज पोचला म्हणजे काम झालं असंच त्यांना वाटत असावं.

राज्यभरच्या अतिथी व्याख्यात्यांच्या महासंघात सामील होऊ या, असं मी तीन वर्षं त्यांच्या मागं लागले होते. महासंघाकडं वकील आहे, इतर कॉलेजांत काय निकाल लागले ते त्यांना ठाऊक असतं, अधिकारी त्यांना खुर्ची देऊन बोलतात. सामील व्हायचं तर आमची संघटना बरखास्त करावी लागणार होती. पण त्यांना काळजी खुर्चीची नव्हती.

"स्वल्प ऐका की," ते म्हणत. "मला ही बावीस घरं ठाऊक हायत. कुणाची आई आजारी, कुणाच्या पोरीची परीक्षा. तिथं आपल्याला विचारतंय कोण?"

मग मी विषय सोडायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा काढायची.

मग शैलजाचं प्रकरण झालं. अकरा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवणारी आमची ही मैत्रीण बाळंतपणाला गेली आणि नव्या यादीतून तिचं नाव गेलं. अध्यक्ष स्वतः अर्ज घेऊन शिक्षण खात्यात गेले. मी सोबत होते. तिथल्या बाईंनी शिक्का मारला आणि विचारलं, "किती जण आहात सर?"

"बावीस."

"महासंघातर्फे या सर," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचे असे कितीतरी अर्ज माझ्याच टेबलावर पडून आहेत."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. परतताना बसमध्ये त्यांनी ती पोच फाइलीत ठेवलीच नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी सभा बोलावली. महासंघात जायच्या बाजूनं दहा, विरोधात दहा. शैलजा घरी होती. समसमान मतं पडली तरच अध्यक्षानं मत द्यावं, हा नियम त्यांनीच केलेला. विरोधातले दहाजण निर्धास्तपणे त्यांच्याकडं बघत होते. आजवर त्यांचीच बाजू धरून बसलेली माणसं ती. अध्यक्षांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि जायच्या बाजूनं हात वर केला. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला त्यांच्याकडं बघवेना.

महासंघानं शैलजाचं काम लगेच हाती घेतलं. असंच प्रकरण दुसऱ्या एका कॉलेजात मिटलेलं होतं; त्याचे कागद वकिलांनी काढले, अधिकाऱ्यांपुढं ठेवले. एवढं होईतो आमची संघटना बरखास्त व्हायला हवी होती, पण अध्यक्ष शेवटची सभा पुढं ढकलत राहिले. त्यांचा पाय निघत नाही, असं म्हणून आम्ही हसलो. मीही हसले, त्याची आता लाज वाटते.

शैलजाचा आदेश आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सभा घेतली. उभं राहून सभासदांची यादी वाचली. प्रत्येकाचं नाव, विषय, आणि पुढं "कार्यरत". शैलजाच्या नावापाशी ते थांबले. शैलजा बाळाला कडेवर घेऊन मागच्या बाकावर बसली होती. तिच्याकडं नीट बघून त्यांनी वाचलं, "वनस्पतिशास्त्र. कार्यरत." मग म्हणाले, "एक जण कमी असताना ही यादी बंद करायची नव्हती मला."

त्यांनी खाली सही केली. पोच द्यायला आता समोर कुठलं कार्यालय नव्हतं, तरी ते हातात पेन धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले.