मेलेला सैनिक मेलाच पाहिजे

माझा रूममेट बद्रीनाथ मूळचा वाशिमचा, राहायला कर्वेनगरात आणि शाळेपासून एकाच युद्धाच्या गेमचा भक्त. त्यातल्या सैनिकांना तो घरच्यांची नावं देतो. परवा गेमचा नवा भाग आला. त्यात खेळलेली चाल मागे घेता येते, म्हणून हा भडकला. ‘मेलेला सैनिक मेलाच पाहिजे! ही काय बालवाडी आहे?’ असं त्याने चाहत्यांच्या ग्रुपवर ठणकावलं.

दुपारी त्याच्या आईच्या नावाचा सैनिक, दुर्गाबाई, गोळी लागून पडला. बद्रीनाथने आधी वाशिमला फोन लावला.

‘आई, तब्येत बरी आहे ना?’

‘मले काय होते? तू जेवला का?’

फोन ठेवून त्याने गुपचूप चाल मागे घेतली आणि आईला भिंतीआड उभं केलं. ग्रुपवर मात्र साहेब अजून भांडतायत.