मामाजी आणि माझा अंगठा

आमच्या मामाजींइतकं भय अख्ख्या नागपुरात कोणी कोणाला घातलं नसेल; आणि तरी त्यांचा आवाज चढलेला उभ्या आयुष्यात कोणी ऐकला नाही. मामाजी म्हणजे माझे मामेसासरे. धंतोलीत आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि सकाळ-संध्याकाळ व्हायोलिन वाजवायचे. वाजवायचे सुरेखच. भय होतं ते त्यांच्या नजरेचं. वाजवताना ती समोरच्याच्या पायाच्या अंगठ्यावर खिळलेली असे. "तोंड लबाड असते, मान त्याहून लबाड," ते म्हणत. "अंगठ्याले खोटं बोलता येत नाही." त्यामुळे ऐन थंडीतसुद्धा पायमोजे काढून, गार फरशीवर पावलं टेकून त्यांच्यासमोर बसावं लागे. एकदा एक मोठे साहेब पहिल्या सुरापासून वा वा करत होते. मामाजींनी गज खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही दाद देऊन राह्यले, पण पाय तर झोपला ना तुमचा!" साहेब पुन्हा आमच्या गल्लीत फिरकले नाहीत. आमचे हे तर मामांची चाहूल लागली की पाय मांडीखाली दडवत.

माझा मात्र घरात मोठा दबदबा. मला बघायला आले तेव्हा मामाजी व्हायोलिन घेऊनच आले होते. भीतीनं माझे पाय लटलट कापत होते, आणि मामाजींनी वाजवता वाजवता हलणारा अंगठा पाहून तिथंच जाहीर केलं, "हीच सून." मी अशी महामूर्ख, की थोड्याच दिवसांत मला स्वतःलाच वाटू लागलं, आपल्याला गाण्यातलं फार कळतं! रेडिओ लागला की डोळे मिटून मान डोलवायची, शेजारणींना "सूर जरा चढाच आहे" असं ऐकवायचं. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडत, "काहून वं, भाजी करपून राह्यली ते नाही ऐकू येत तुले?"

उतारवयात मामाजींनी मुंबईच्या एका ग्रामोफोन कंपनीसाठी भल्यामोठ्या वाद्यवृंदाची रचना बसवली. आयुष्यभर डोक्यात घोळवलेली. नमुन्याची तबकडी घरी आली. पसंत पडली तर तार करायची, मग ती बाजारात जाणार. रणरणत्या दुपारी मामाजींनी मला बोलावून खुर्चीवर बसवलं. "सूनबाई, तुझा अंगठा हलला तर तार करतो. नाही तर ही चालली विहिरीत."

सुई टेकली. इतकी व्हायोलिनं, बासऱ्या आणि नगारे एकदम उसळले, की दिवाळीच्या गर्दीत इतवारी बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखी माझी गत झाली. सगळीकडे आवाज, त्यात मामाजींचं व्हायोलिन कुठे सापडेना. अंगठा लाकूड झाला. मुद्दाम हलवावा, तर त्यांना कळणार. आता आपलं बिंग फुटणार, हे माझं पहिलं भय. त्यांच्या आयुष्याची कमाई विहिरीत जाणार, हे मागाहून सुचलं. तेव्हा मी होतेच तशी!

बाजू संपली. "बरं," मामाजी म्हणाले. तबकडी उलटून त्यांनी सुई ठेवली, ती नेम चुकून खरवडली. हा माणूस माझ्याहून जास्त घाबरलेला आहे, हे मला तेव्हा दिसलं.

दुसऱ्या बाजूला हळूहळू सगळी वाद्यं थांबली आणि एकटं व्हायोलिन उरलं. मागच्या खोलीतलं, आमच्या रोजच्या संध्याकाळचं. त्यात म्हाताऱ्या बोटांची थरथरही होती. मामाजींच्या तोंडाकडे पाहवेना म्हणून मी मान खाली घातली, तर समोर त्यांचं पाऊल. फुटक्या नखाचा अंगठा फरशीवर अलगद ठेका धरून होता.

"मामाजी, माझं सोडा," मी रडतच म्हणाले. "मला गाण्यातलं काही कळत नाही. बघायला आलात तेव्हा पाय भीतीनं कापत होते. तुमचा अंगठा पाहा ना!"

ते वाकले. परक्याचा असावा तसा तो कितीतरी वेळ न्याहाळत राहिले.

"हलून राह्यला गा!" त्यालाच म्हणाले. मग मला, "अन् ते मले तेव्हाच समजलं होतं. तालात कुठं कापत होती तू? पण त्या दिवशी एवढी भ्याली, तरी शेवटपर्यंत बसून राह्यली."

तार करायला ते भर उन्हात अनवाणीच निघाले. मी चपला घेऊन मागे धावले.

मामाजी गेले त्याला फार वर्षं झाली. घरात कोणी नसलं की मी ती तबकडी लावते आणि चपला काढून पाय फरशीवर टेकते. अंगठा संधिवातानं सुजलाय, पण आता पहिल्या बाजूपासूनच हलतो. सुई टेकताना छाती मात्र अजून तशीच धडधडते. समोर वाकून पाहणारं कोणी नसतं, तरीही.