डावा गाल

लेकीची वेणी घालताना तिची हनुवटी धरायची मला सवय. ती तेव्हा तिसरीत होती. फुटाणे खात बसलेली. माझा हात तिच्या गालांवर होता आणि चावताना उजवीकडे टणक गोळा उठत होता. डावीकडे काहीच हललं नाही. नुसती मऊ कातडी.

सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "दात पडत्यात तिचं. एका बाजूनं खाती, दुसरं काय न्हाई."

मलाही तेच खरं मानायचं होतं. पण वर्षभरात तिची हनुवटी डावीकडे सरकली. शाळेच्या फोटोत ती सरळ बघत होती आणि तोंड मात्र वळल्यासारखं दिसत होतं.

आमच्या पाली गावाहून तिला नसरापूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दोन्ही गालांवर बोटं ठेवून तिला दात आवळायला सांगितले. पुन्हा सांगितले. मग मला विचारलं, "दुखतं का हिला?"

"न्हाई. कधीच न्हाई."

"तेच मला बरं वाटत नाही. दात दुखत असता, तर एका बाजूनं खाते हे समजलं असतं."

कागदावर जबडा काढून त्या म्हणाल्या, "चावताना स्नायू हाडाला ओढतो. त्या ओढीनं लहान मुलाचं हाड भरतं, वाढतं. हिचा डावा स्नायू सुकत चाललाय, म्हणून त्या बाजूचा जबडा मागं पडलाय. पण स्नायू का सुकतोय, ते पुण्यात बघा. उशीर करू नका."

परतीच्या टेम्पोत लेक माझ्या मांडीवर झोपली. मी तिच्या गालाला हात लावला नाही. भीती वाटली.

पुण्यातल्या तपासणीत कळलं, जबड्याच्या स्नायूला हलवणाऱ्या नसेवर, मेंदूच्या तळाशी, गाठ होती. इतके दिवस ती आत गुपचूप वाढत होती आणि आम्ही दात मोजत होतो.

गाठ काढली. ती कॅन्सरची नव्हती. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. पण नस गेली ती गेलीच. स्नायू परत भरला नाही. डॉक्टर म्हणाले, वाढ थांबेपर्यंत जबडा असाच मागं पडत जाईल, मग हाडाचं ऑपरेशन करू.

आता ती सातवीत आहे. मागच्या आठवड्यात आरशासमोर उभी राहून तिनं विचारलं, "आई, अजून किती वाकडं होणार?"

"म्हाईत न्हाई गं," मी म्हणाले.

तिनं दप्तर उचललं आणि एसटीला गेली.