माझ्या साडूचा दक्षिण ध्रुव

आर्वीच्या उन्हात राहून दक्षिण ध्रुवावर जगणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्याच बायकोच्या बहिणीचा नवरा निघावा, याचा मला अजून संताप येतो. आमचे हे साडूभाऊ कापसाच्या जिनिंग कारखान्यात सुपरवायझर होते आणि मी तिथल्याच वजनकाट्यावर. पुलगावच्या रद्दीवाल्याकडे त्यांना ध्रुवमोहिमांचं एक फाटकं पुस्तक सापडलं आणि आमचं सगळ्यांचं वाटोळं झालं. बर्फ म्हणून या माणसानं आयुष्यात गोळा तेवढा खाल्लेला. पण कापसाच्या गंजीकडे बोट दाखवून ते मजुरांना हिमवादळात तुकडी कशी सांभाळावी ते समजावत. बाहेर डांबर वितळत असताना, बोटं गोठली तर काय करायचं तेही सांगत. पुढारी सगळ्यांच्या शेवटी जेवतो, हा पुस्तकातला धडा. म्हणून सगळ्यांचे डबे संपेपर्यंत यांचा डबा बंद, आणि तोवर आतलं वरण आंबून जाई. ऑफिसात कूलर एकच. त्याच्यासमोरची खुर्ची पाळीपाळीनं प्रत्येकाला मिळे, यांची पाळी काही येत नसे. "काऊन मरून राह्यले उकाड्यात? सुपरवायझर हाय ना तुमी?" मी चिडून विचारलं. तर म्हणाले, "म्हणूनच तं."

माझं टेबल त्यांनी स्वतःच्या टेबलाला चिकटवून घेतलं होतं. मी दिवसभर जिनिंगच्या शेठला, मजुरांना, काट्याला शिव्या घालायचो आणि ते शांतपणे ऐकायचे. नात्यातला म्हणून जवळ ठेवलं असेल, असं मला वाटे.

मग एका उन्हाळ्यात गंजी पेटली. अशा वेळी मजूर धावत जाऊन आगीतून चांगला कापूस ओढत बसतात, कारण शेठ मागून ओरडत असतो. आमचाही ओरडला. बायाही पदर खोचून निघाल्या. साडूभाऊ हात आडवे करून वाटेत उभे राहिले. "कोणी जानार नाई! फाटकाबाहेर चाला!"

"कापूस कोनाचा हाये?" शेठ किंचाळला.

"तुमचा. मानसं माह्यी हायेत."

एकेकाला नावानं हाक मारून त्यांनी बाहेर काढलं आणि शेवटी स्वतः निघाले. बंब येईपर्यंत गंजीची राख झाली, पण माणसाला चटकाही बसला नाही. दुसऱ्या दिवशी शेठनं त्यांना कामावरून काढलं. मी भांडायला निघालो, तर यांनी मलाच हाताला धरून काट्यावर नेऊन बसवलं.

खरी चीड पुढेच आहे. त्याच शेठनं आम्हाला वळण लागावं म्हणून नागपूरहून टायवाला व्याख्याता बोलावला. विषय काय, तर ध्रुवमोहिमांतून नेतृत्वाचे धडे! पडद्यावर बर्फच बर्फ. नेता आधी माणसं वाचवतो, असं तो म्हणाला आणि शेठनं टाळ्या वाजवल्या. माझं डोकं फिरलं. "असा मानूस तुमी हाकलला ना, शेठ!" मी उभा राहून ओरडलो. व्याख्यात्यानं गडबडून पुढचं चित्र लावलं आणि घाईघाईनं वाचलं की किरकिऱ्या माणसाला शहाणा नेता इतरांत सोडत नाही, स्वतःच्याच तंबूत ठेवतो. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मी तसाच साडूभाऊंच्या घरी गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते. "म्हंजे मले किरकिऱ्या म्हणून जवळ ठेवलं होतं तुमी?"

"दुसऱ्यापाशी ठेवला असता तं त्याचं डोकं खाल्लं असतं तू," असं म्हणत ते सरकले, मला जागा केली. मग हळूच विचारलं, "सगळे बरे हायेत ना तिकडं?"

मी बाजेवर टेकलो आणि एकेकाचं सांगायला लागलो. कूलरसमोरची खुर्ची आता कायमची शेठच्या पुतण्याची झाली आहे, माझ्या शेजारचं टेबल रिकामं आहे. दिवसभर मी कोणालाच शिव्या देत नाही. संध्याकाळी त्या बाजेवर जाऊन देतो, आणि ते शांतपणे ऐकतात.